‘मॅडम, पुढं काय करायचं तेच कळंना झालंय’

दिवाळीची सुट्टी संपली की शेवटच्या वर्षाची मुलं करिअरच्या समुपदेशनासाठी माझ्याकडे यायला लागतात आणि बहुतेक सगळी याच वाक्यानं सुरुवात करतात. बी.कॉम. असो, बी.एस्सी. असो, इंजिनिअरिंग असो, शब्दसुद्धा फारसे बदलत नाहीत. आईवडील सोबत असले तर पुढची ओळ त्यांची असते, ‘तुमीच सांगा आता ह्याला कायतरी.’ मी एखादी कल चाचणी घ्यावी आणि एका क्षेत्राचं नाव कागदावर लिहून द्यावं, एवढीच त्यांची अपेक्षा असते. मी तसं करत नाही. का करत नाही, ते सुजितच्या निमित्तानं सांगते. (नाव बदललंय, तपशीलही बदललेत. खरं तर दोन-तीन मुलांच्या गोष्टी यात मिसळल्या आहेत.)

सुजित बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला. गाव राधानगरी तालुक्यात, घरी ऊस आणि दोन म्हशी. कोल्हापुरात राजारामपुरीत चौघांत मिळून एक खोली. पहिल्या भेटीत त्यानं वहीच काढली. त्यात त्यानं पर्याय लिहून आणले होते: एमपीएससी, पोलीस भरती, बी.एड., एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, बँक, गोव्यातल्या औषध कंपन्या. प्रत्येकापुढे तो का नको याचं कारण. एमपीएससीला स्पर्धा लई. बी.एड. करून नोकरी कुठं आहे? एम.एस्सी. केली तर दोन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न. कारणं चुकीची नव्हती. चांगलं डोकं लावून लिहिलेली होती.

‘रात्री झोप लागत नाही,’ तो म्हणाला. ‘मोबाइलवर व्हिडिओ बघत बसतोय. एक म्हणतो हे करा, दुसरा म्हणतो ते करू नका.’

दोन-तीन भेटी या यादीतच गेल्या. मी एक पर्याय उचलायचा, त्यानं तो खाली ठेवायचा. मग एकदा मी वही बंद करून विचारलं, ‘यातलं एखादं काम रोज करणाऱ्या एका तरी माणसाशी तू बोललायस?’

तो गप्प. मग म्हणाला, ‘कुणाला इचारू?’

‘तुमच्या कॉलेजातून पास झालेली मुलं असतील. सर आहेत.’

‘इचारलं तर त्यास्नी वाटंल, तिसऱ्या वर्षाला आला आणि ह्याला एवढंबी माहीत न्हाई.’

एवढी वर्षं मुलांचं ऐकून माझ्या कानाला आता अशी वाक्यं बरोबर सापडतात. याला निवड करता येत नव्हती असं नाही. आपण अडाणी ठरू, याची त्याला भीती होती, आणि ‘कळंना झालंय’ म्हटलं की त्या भीतीला तोंड द्यावं लागत नव्हतं. यादी करण्यात कष्ट होते, पण धोका नव्हता. व्हिडिओतला माणूस उलट प्रश्न विचारत नाही.

यात त्याचा दोष किती? त्याच्या घरातला तो पहिला पदवीधर. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढे इतर समाजांचीही बोर्डिंगं उभी राहिली, आणि खेड्यातली पोरं शिकायला कोल्हापुरात येऊन राहू लागली. ती रीत अजून चालू आहे आणि पहिल्या पिढीची अडचणही तीच आहे. शहरातल्या डॉक्टरच्या मुलाला जेवताना ताटावर जे आपोआप ऐकू येतं, ते या मुलाला कुणाला तरी मुद्दाम विचारावं लागतं. आणि विचारायचीच त्याला लाज वाटते.

माझा स्वतःचा भरवसा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर आहे, हे लपवत नाही. परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो ते आपल्याला जास्त अडवतं, असं ते मानत. तरुणपणी त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती होती. तर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की जाऊन बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं आणि महिनाभरात शंभरेक बायकांशी बोलले. भेटायला तयार झाली एकच, तीही आली नाही. पण भीती गेली. ही गोष्ट मी मुलांना सांगते. हसतात, पण लक्षात ठेवतात.

सुजितशी मग असं झालं.

‘विचारलंस तर वाईटात वाईट काय होईल?’

‘हसतील.’

‘बरं, हसले. मग?’

‘मग... इज्जत गेली की.’

‘कुणापुढं? ज्याला तू पुन्हा कधी भेटणार नाहीस त्याच्यापुढं?’

तो थोडा हसला. ‘तसं बघायला गेलं तर काय न्हाई होत.’

हे ‘काय न्हाई होत’ मी सांगून उपयोग नव्हता, त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. मग त्याला काम दिलं. कोणत्याही तीन माणसांना भेटायचं आणि तीनच गोष्टी विचारायच्या. सकाळी आल्यापासून तुम्ही काय काय करता? इथं कसे लागलात? पुन्हा कॉलेजात जायला मिळालं तर काय वेगळं कराल? नोकरी मागायची नाही. पहिले काही दिवस त्यानं काहीच केलं नाही. गळीत हंगाम जोरात होता. गावातला एक चिटबॉय (कारखान्यातर्फे शेतकऱ्यांच्या उसाच्या नोंदी ठेवणारा माणूस) त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, ओळखीचा होता, त्याच्याबरोबर सुजित शेवटी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेला.

परत आला तो वेगळाच मुलगा. खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच माझ्याच पॅडवर आकृती काढायला लागला. उसाचा रस घेतात, लेड सबअॅसिटेट घालून निवळतात, गाळतात, लांब नळीत भरतात आणि पोलारीमीटरमध्ये ठेवतात. रसातली साखर प्रकाशाची दिशा किती फिरवते त्यावरून पोल, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, काढतात. ‘मॅडम, हा प्रयोग आमी कॉलेजात केलाय! जर्नलला लिवलाय! तिथला केमिस्ट बी बी.एस्सी.च हाय, माझ्यासारखा.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘आणि आमच्या आण्णांच्या उसाचा दर ह्याच्यावर ठरतोय.’

हे खरं आहे. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला (उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) ठरते आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला जादा पैसे मिळतात. ज्या उताऱ्यावरून दर हंगामात घरात चर्चा होते, त्याचे आकडे ज्या खोलीत निघतात तिथं आपल्या पदवीचा माणूस बसलेला असतो, हे त्याला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञानाचे पुढचे अभ्यासक्रम आहेत, हेही त्याला त्या केमिस्टनंच सांगितलं. तीन पाळ्या असतात, हंगाम संपला की तात्पुरत्या माणसांना घरी बसावं लागतं, हेही सांगितलं. व्हिडिओत हे दुसरं कधी सांगत नाहीत.

सगळ्यांनी साखर कारखान्यात जावं असं मी म्हणत नाहीये. सुजित ज्यांना भेटला ती उरलेली दोन माणसं फौंड्रीतली आणि शाळेतली होती, आणि शाळा आपल्याला जमणार नाही हे त्याला एका दुपारीच कळलं. तेही कामाचंच.

आता जे मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या एमआयडीसीत फक्त इंजिनिअर लागतात हा गैरसमज आहे. स्टोअर्स, अकाउंट्स, क्वालिटी इथं साधे पदवीधरही काम करतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही अप्रेंटिस म्हणून जाता येतं, स्टायपेंड मिळतो, केंद्र सरकारच्या एनएटीएस या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी होते. नंतर कायम करायचं बंधन मालकावर नसतं, हे आधीच समजून जा. तरी घरी बसून व्हिडिओ बघण्यापेक्षा ते वर्ष कितीतरी बरं.

स्पर्धा परीक्षा करायची तर जरूर करा, पण थांबायची तारीख सुरुवातीलाच वहीत लिहा आणि घरच्यांना दाखवा. राज्यसेवेला खुल्या गटातून ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, मागासवर्गीयांना त्याहून पुढे. म्हणजे ‘आता पुरे’ असं आयोग तुम्हाला लवकर सांगणार नाही. अभ्यासिकेतली तिशीतली मुलं माझ्याकडे येतात. त्यांना अपयशाचं दुःख कमी आणि कुणीच वेळेत थांबवलं नाही याचं जास्त असतं.

मुलींचा प्रश्न थोडा वेगळा. ‘स्थळं यायला लागलीत’ हे वाक्य मी तिसऱ्या वर्षाच्या मुलींकडून फार ऐकते. तिथं ‘मला शिकायचंय’ एवढं म्हणून घरचे ऐकत नाहीत. कोणता कोर्स, किती महिने, किती फी, राहायचं कुठं, असा कागद पुढे ठेवला की वडील निदान वाचतात. वाचले की बोलणं सुरू होतं.

आणि कागदपत्रं! दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पदवी यांवरची नावं आजच शेजारी ठेवून बघा. एका अक्षराच्या फरकानं अडलेली मुलं मी पाहिली आहेत. जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर लागणार असेल तर जाहिरात यायची वाट बघू नका.

शेवटच्या भेटीला सुजितबरोबर आण्णाही आले होते. टोपी मांडीवर ठेवून सगळं ऐकलं. पुढच्या हंगामासाठी लॅबमध्ये अर्ज करायचा आणि तोवर मांजरीच्या प्रवेशाची माहिती काढायची, असं पोरानं ठरवलं होतं. आण्णांनी मलाच विचारलं, ‘पर मॅडम, परमनंट कवा हुतोय म्हणायचा?’

मी सुजितकडे बघितलं. ‘मला बी ठावं न्हाई आण्णा,’ तो म्हणाला, ‘इचारतो,’ आणि त्यानं तिथंच त्या केमिस्टला फोन लावला.