वीटभट्टीवाल्याची मुलगी आणि बिल्बाओ

खानापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांची वीटभट्टी आहे, मुलगी सेकंड पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्सला. स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम म्युझियम तिनं मोबाइलवर पाहिलं आणि ‘बेळगावात असंच काही उभारीन, आर्किटेक्टच होणार’ म्हणून हटून बसली. वडील विचारतात, एका इमारतीनं गाव बदलतं होय? त्यापेक्षा सिव्हिल इंजिनिअरिंग बरं नाही का?

दादा, तिनं पाहिलं ते खरं आहे. जहाजबांधणी बुडालेल्या त्या शहराकडे बाहेरचं कोणी फिरकत नव्हतं. 1997 मध्ये आर्किटेक्ट फ्रँक गेहरीची टायटॅनियमनं मढवलेली ही म्युझियमची इमारत उघडली आणि पहिल्याच वर्षी सुमारे 13 लाख माणसं आली. पण व्हिडिओत अर्धीच गोष्ट असते. मेट्रो 1995 मध्येच धावू लागली होती. घाण झालेली नदी साफ करायचं काम त्याच्याही आधीपासून चालू होतं. म्युझियम म्हणजे या सगळ्यावर चढलेला कळस. नुसत्या भव्यतेनं काय होतं ते आपल्याला हायवेवरून दिसतंच. कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं सुवर्ण विधानसौध 2012 पासून उभं आहे; अधिवेशन आलं की बंदोबस्त, एरवी तुमच्या-माझ्यासारख्याचं तिथं काय काम? (राजकारण बाजूला ठेवतो, नाहीतर पत्र संपायचं नाही.)

इमारत पडणार नाही हे सिव्हिलवाला बघतो. माणूस आत कसा वावरेल हे आर्किटेक्ट. आर्किटेक्चरची पदवी, बी.आर्क., 5 वर्षांची; त्यासाठी नाटा ही प्रवेशपरीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर. गणित, भौतिकशास्त्र हवंच. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

फी भरण्याआधी एक करा. रविवारी तिला बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत न्या. 1204 सालचं जैन मंदिर आहे. वही-पेन्सिल द्या, मोबाइल तुमच्या खिशात ठेवा. छतात कोरलेलं दगडी कमळ काढायचं म्हणजे मान वर करून बसावं लागतं, आणि दहा मिनिटांत मान भरून येते. पाकळी जमली तरी खोली जमत नाही, पुन्हा खोडावं लागतं. चार रविवार आपणहून गेली तर नाटाचा फॉर्म भरा. पहिल्याच दिवशी तासाभरात ‘झालं’ म्हणाली, तर सिव्हिलचा विचार करू.

आणि भट्टीवर ती शेवटची कधी आली होती? चांगली भाजलेली वीट ठोकल्यावर कशी खणखणते, हे कानाला ठाऊक असलेली मुलं पहिल्या वर्षाला फार नसतात. सुगीनंतर पंधरा दिवस तिला तिथं कामाला लावा. मग वही घेऊन दोघं माझ्याकडे या.