आई दोन दिवसांत बदलली, हे वेड म्हणायचं काय?

"परवापर्यंत आई चांगली होती. आता बायकोला मेलेल्या मावशीच्या नावानं हाक मारती, रात्रभर उठून बसती. वेड लागलं म्हणायचं काय मॅडम?"

वेगवेगळ्या शब्दांत हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. बेळगाव शहरातून येतो, तसाच निपाणी-चिकोडीकडूनही. इथे विचारणारा मुलगा खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत कामाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) शेजारपाजारचे काही म्हणाले म्हातारपण, काही म्हणाले बाहेरचं काही लागलंय.

अशा वेळी मी आधी विचारते, हे किती दिवसांत झालं? स्मृतिभ्रंश बहुधा महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. दोन-तीन दिवसांत माणूस बदललं, सकाळी बरं आणि संध्याकाळी बरळतंय असं झालं, तर शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं. अंगातलं पाणी कमी होणं, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, रक्तातलं सोडियम किंवा साखर खालीवर होणं, एखादं औषध, कधी मेंदूचा झटकासुद्धा. कारण डॉक्टरच शोधतील, पण दवाखाना त्याच दिवशी गाठायचा. देवाचं करायचं असेल तर नंतर करा.

या मुलाच्या आईला, म्हणजे आजींना, ताप होता, लघवीला जळजळ होती, जीभ कोरडी पडलेली. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलेलं. शिवाय गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी त्या रोज घेत होत्या, जोडीला रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी. अंगात पाणी कमी असताना ही तिन्ही औषधं एकत्र आली की म्हाताऱ्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. सलाईन, अँटिबायोटिक मिळालं, वेदनाशामक बंद झालं, आणि चार-पाच दिवसांत आजी सुनेला तिच्या नावानं हाक मारायला लागल्या.

माझं काम तिथून पुढे सुरू झालं. पाणी का कमी पडलं, हे कुठल्याच रिपोर्टात नव्हतं. मुलगा औषधं आणायला गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "आजी, लघवी आवरत नाही असं होतं का?" त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी उठतो तोवर सुटतंच बघा. संडास परड्यात. पावसात चिखल, अंधार. रोज सुनेला अंथरूण धुवायला लावायचं? म्हणून दुपारनंतर पाणीच नको म्हणतो."

सुनेशी वेगळं बोलले. खानापूरच्या पावसात चादरी आठ-आठ दिवस वाळत नाहीत. रात्री तीनदा उठायचं, पहाटे डबा करायचा. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "आत्ती, रात्रीचं पाणी जरा कमी प्या." हे सांगताना ती रडली. तिला मी सांगितलं की दोष तिचा नाही. या घरात रात्रीची सोयच नव्हती, आणि सगळा भार एकटीवर होता.

पाणी तोडल्यानं लघवी सुटायची थांबत नाही. घट्ट, पिवळीजर्द लघवी मूत्राशयाला जास्त टोचते, घाई वाढते. बद्धकोष्ठ होतं, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, की आणखी गळती. वयाबरोबर तहानही मंदावते, त्यामुळे "तहान लागली की पितील" यावर विसंबता येत नाही.

दवाखान्याचा कागद इंग्रजी-कन्नडमध्ये, आजींना वाचता येतं फक्त मराठी. म्हणून डॉक्टरांना विचारून मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिलं. दिवसाला साधारण दीड लिटर पाणी, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत. ताक, आंबील, कढण त्यातच धरायचं. (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याला मर्यादा घातली असेल तर तीच पाळायची.) घाई लागायची वाट न बघता दर दोन-तीन तासांनी लघवीला बसायचं. लघवीची गोळी सकाळीच, आणि मनानं बंद करायची नाही. खाटेजवळ कमोडची खुर्ची, बारीक दिवा. लघवी रोखताना आवळतो ते ओटीपोटाखालचे स्नायू आवळून पाच मोजायचं, सोडायचं, असं दहादा, दिवसातून तीन वेळा. गुण यायला दीड-दोन महिने तरी लागतात.

डायपरबद्दल मुलानं विचारलंच. प्रवासात, अगदी अडल्या रात्री लावा. पण ओला झाला की लगेच बदला, पुढून मागे पुसा, कातडी कोरडी ठेवा. उठून बसू शकणाऱ्या माणसाला दिवसभर डायपरमध्ये ठेवणं मला पटत नाही; त्याची उरलीसुरली सवयही जाते.

घरी वयस्कर पुरुष असेल तर एक वेगळी गोष्ट. थेंबथेंब गळत असेल तर वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे मूत्राशय तुंबून वरून सांडत असण्याची शक्यता असते. ओटीपोट फुगलंय आणि कित्येक तास लघवी नाही, किंवा थंडी वाजून ताप, लघवीतून रक्त, असं दिसलं तर थांबू नका.

आणि उलट बाजूही सांगायला हवी. तक्रार काहीच नसताना नुसते रिपोर्टात जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक मागू नका. म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत असे जंतू पुष्कळदा सापडतात आणि त्यांना बहुधा औषध लागत नाही.

जाताना मुलानं विचारलं, "आता डायलिसिस लागणार काय?" मूत्रपिंडांची अशी अचानक घटलेली क्षमता कारण दूर केल्यावर बऱ्याचदा सुधारते. जुनाट आजार म्हणायला बिघाड तीन महिन्यांच्या वर टिकावा लागतो. आजींचं क्रिएटिनिन पुढच्या तपासणीत उतरलं, पण पूर्ण नाही. म्हणून आता दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल. अंथरूण अजूनही एखाद्या रात्री भिजतं. आठवड्यातल्या दोन रात्री आता मुलगा उठतो.