यंदा पोरगी मुक्कामी यायला नाही म्हणते

दिवाळी सरून कापसाचा पहिला वेचा घरात आला, की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. मित्रांची दोन-तीन घरं दरवर्षी मिळून तलावाकाठच्या एखाद्या वावरात तंबू ठोकतात. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, आगटीभोवती गप्पा, रात्रीचा मुक्काम. पोरं लहान असतात तोवर आठ दिवस आधीपासून नाचतात. तेरा-चौदाची झाली, की एका वर्षी अचानक म्हणतात, 'मी नाही येत.' आईबाप त्याचे दोनच अर्थ लावतात, मोबाइल नाहीतर मिजास. मला आजवर बहुतेक वेळा तिसरंच काही सापडलं आहे.

यवतमाळकडचं एक कुटुंब. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगी नववीत, वडील कास्तकार.

"म्याडम, दहा वर्षं झाले आम्ही जाऊन रायलो. सारे घरचेच लोक हायेत. हिले आताच काय झालं?"

मुलगी ओढणीचं टोक पिळत बसलेली. मी आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं. तिला 'का येत नाहीस' असं विचारलंच नाही. 'का' म्हटलं की पोरं स्वतःचा बचाव मांडतात, मनातलं सांगत नाहीत. मी म्हटलं, "मागच्या वर्षीची संध्याकाळ सांग. कोण कुठं बसलं होतं, तेवढंच."

पहिल्या भेटीत कळलं, की चार लहान लेकरं दिवसभर तिच्या गळ्यात होती आणि सगळ्यांसमोर दोन काकांनी तिचे गणिताचे मार्क विचारले होते. बाकी तिसऱ्या भेटीत आलं.

"मी आगटीपाशी होती. काकू तंबूत साडी बदलून रायल्या होत्या. आत बॅटरी लागली होती. बाहेरून सारं दिसे, काळं काळं. कोणी काही बोललं नाही. सारे दुसरीकडं पाहू लागले."

बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "त्याच्या पयले मीबी तिथंच कपडे बदलले होते."

एक वर्ष तिनं हे एकटीनं सांभाळलं होतं. घरात तिला हट्टी म्हणत होते.

तिचं नाव न घेता एवढंच वडिलांना सांगू का, असं तिला विचारलं. ती हो म्हणाली. मग मी त्यांना एक काम दिलं. रात्री अंगणात तंबू ठोका, आत बॅटरी लावून घरच्या कुणाला उभं करा आणि वीस पावलांवर जाऊन पाहा. पुढच्या आठवड्यात ते आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलले, "म्याडम, दहा वर्षं मीच तंबू ठोकतो. पण बाहेरून कधी पायलाच नाही."

या वाक्यापुढं मला फारसं काही करावं लागलं नाही.

उपाय साधा आहे. उजेड आणि कापड यांच्या मध्ये माणूस आला की कापडावर सावली पडते. म्हणून बॅटरी आगटीच्या बाजूच्या भिंतीला टांगायची, माणसानं बॅटरीच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे सावली पलीकडच्या भिंतीवर जाते. तिकडं कुणी बसत नाही ना, तेही पाहायचं. त्याहून बरं म्हणजे वावरातली कोठी कपडे बदलायला मोकळी ठेवायची.

संडासाचंही तसंच. बायका अंधार पडायची वाट पाहत दिवसभर पाणी कमी पितात, पोरी त्यांचंच पाहून शिकतात. तलाव-विहिरीपासून किमान 200 फुटांवर हातभर खोल खड्डा, चार बांबू, भोवती काळी ताडपत्री. हिरवी नेट नको, तिच्यातून आतलं दिसतं. शेजारी मातीचा ढीग आणि पाण्याची बादली. पॅडसाठी झाकणाचा डबा ठेवा आणि तो घरी परत आणा. खड्ड्यात पुरलं तर प्लास्टिक कुजत नाही आणि कुत्री उकरून काढतात.

आता कामाचं. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर सांगत, की माणसाला आपल्या माणसांत जागा हवी असते आणि ती उपयोगी पडण्यातून मिळते. मी याच वाटेनं काम करते. पण लेकरं सांभाळायला लावणं म्हणजे जागा देणं नव्हे. तलावाकाठी तर ती जबाबदारी मोठ्या माणसाचीच, चौदा वर्षांच्या पोरीवर ती टाकूच नका. तिला असं काम द्या, जे तिनं केलं नाही तर सगळ्यांचं जेवण अडेल. आणि दिल्यावर मधे हात घालू नका. कुठं जायचं, किती रात्री, सोबत एखादी मैत्रीण आणायची का, हेही तारीख ठरायच्या आधी विचारा. त्यानंतरही ती नाही म्हणाली आणि घरी आजी असेल, तर राहू द्या.

या मुलीनं रोडगे मागून घेतले. पंधरा माणसांना चार किलो जाडसर कणीक, ओवा, मीठ, किलोला वाटीभर तेलाचं मोहन. तिघी काकूंना सांगून ठेवलं होतं, की विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

संक्रांतीनंतर ती एकटीच भेटायला आली. पहिल्या खेपेचे रोडगे वरून करपले, आतून कच्चे निघाले. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, जाळ भडकतो आणि लगेच बसतो, त्याचा निखारा टिकत नाही, हे तिनंच मला समजावून सांगितलं. दुसऱ्या खेपेला तिनं गोवऱ्या पेटवल्या आणि पाऊण तास थांबली, जाळ पूर्ण बसेपर्यंत. ते रोडगे फुटले तेव्हा आतून भुरभुरीत होते.

"पुढच्या वर्षी गोवऱ्या चार वाजताच लावतो," ती म्हणाली.