आयटीआय आणि कौशल्य प्रशिक्षणाचा कारभार पोर्टलवर आल्यामुळे गैरप्रकार थांबले का?

नाही. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेवरचा कॅगचा अहवाल वाचा. ९५ लाखांहून जास्त प्रशिक्षणार्थ्यांपैकी ९४ टक्क्यांहून जास्त जणांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, ‘नल’ (null, म्हणजे काहीच नाही) किंवा नुसतीच मोकळी जागा. रकाना रिकामा असताना फॉर्म पुढे सरकू देणारं पोर्टल कसली चोरी पकडणार?

मी २२ वर्षं आयटीआयत फिटरचा निदेशक होतो. माझ्या बॅचमधल्या एका मुलाच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे पडले. पोरगा हाताचा पक्का. त्याने कानशीने घासलेला जॉब, म्हणजे सरावाचा धातूचा तुकडा, ट्राय स्क्वेअरला (काटकोन तपासायच्या गुण्याला) लावून उजेडाकडे धरला, तर फटीतून प्रकाशाची रेघ दिसायची नाही. पास झाला, प्रमाणपत्र निघालं आणि त्यावर तीच चुकीची तारीख. शिकाऊ उमेदवारीसाठी कंपनीत गेला, तर आधारशी जुळत नाही म्हणून परत पाठवला.

दुरुस्तीचा अधिकार संस्थेकडे नव्हता. तक्रार नोंदवायची, ती वर जायची, मग वाट बघायची. प्राचार्यांचं एकच पालुपद, "पोर्टलवर आहे तेच ग्राह्य." मी म्हटलं, "साहेब, शाळेचा दाखला माझ्या हातात आहे, मुलगा दारात उभा आहे. आणखी काय पुरावा हवा?" सात महिने गेले. तोवर पोरगा बाजार समितीत पोती उचलत होता. ज्या हाताला मी दोन वर्षं कानस धरायला शिकवलं, तो हात!

आणि या नोंदी भरायच्या कुणी? निदेशकानेच. बॅच बेंच व्हाइसपाशी उभी आणि मी ऑफिसात, सर्व्हर चालू होण्याची वाट बघत. पोर्टलला हजेरी कळते, मुलाने कानस हातात घेतली की नाही ते कळत नाही.

प्रवेशाचं मात्र मान्य करतो. गुणवत्ता यादी ऑनलाइन लागायला लागल्यापासून आमच्याकडे पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन येणारे बंद झाले. ते मोठं काम झालं.

तुम्ही किंवा घरचं कुणी प्रवेश घेत असाल, तर पहिल्याच आठवड्यात पोर्टलवरची आपली नोंद छापून मागा, दाखल्याशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. प्रत्येक मुलाला ती दाखवून त्याची सही घ्यावी, असं मी संस्थेला सुचवलं होतं. "दुप्पट काम कशाला?" असं उत्तर मिळालं. मी ते लेखी दिलं होतं, आणि त्या अर्जाची आवक शिक्का मारलेली प्रत अजून माझ्या कपाटात आहे.