वाचकांचे प्रश्न : किलोमीटर नव्हे, खाड्या मोजा

प्रश्न : जानेवारीत जोडून आलेल्या सुट्टीत आम्हाला तीन दिवस आणि दोन रात्री मिळत आहेत. मुलुंडहून स्वतःच्या गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत आणि जमल्यास मालवणपर्यंत जाऊन यावे, असा विचार आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि दहा व सहा वर्षांची दोन मुले असतील. आईचे गुडघे दुखतात. मार्ग कसा आखावा?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : प्रथम मालवण या यादीतून काढून टाका आणि मन घट्ट करून गणपतीपुळेही काढा. मुंबईहून गणपतीपुळे महामार्गाने सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे, मालवण पाचशेच्या आसपास. तीन दिवसांत तुम्ही तेथे पोहोचाल आणि परतही याल, परंतु मुलांना समुद्र दिसण्याऐवजी पुढच्या ट्रकची मागची बाजू दिसेल. महामार्ग समुद्रापासून बराच आत आहे, आणि जो खरा किनाऱ्याचा रस्ता आहे तो ठिकठिकाणी खाड्यांनी तोडलेला आहे. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ आणि जयगड अशी ही रांग आहे. काही ठिकाणी पूल आहेत, काही ठिकाणी गाडी जंगलजेटीत, म्हणजे वाहने वाहून नेणाऱ्या सपाट बोटीत, चढवून पलीकडे न्यावी लागते, आणि यांपैकी काहीच साधले नाही तर खाडीच्या मुखापासून आत जाऊन पुन्हा बाहेर येण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर प्रवास आखताना किलोमीटर मोजू नयेत, खाड्या मोजाव्यात. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असताना तीन दिवसांत दोन किंवा तीन खाड्या, त्यापेक्षा अधिक नाही, हा माझा अनेक वर्षांचा हिशेब आहे.

तुमच्यासाठी मी मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा पट्टा सुचवीन. पहिली खाडी ओलांडण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या अटल सेतूवरून चिर्ल्याला उतरून पुढे गोवा महामार्गाने पेण, वडखळ आणि अलिबाग. दुसरा म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह रो-रो बोटीने मांडवा. ही बोट मार्च २०२० पासून चालते, सुमारे एका तासात पलीकडे नेते, आणि मांडव्याहून अलिबाग अवघे वीस किलोमीटर राहते. मुलुंडहून भाऊच्या धक्क्यापर्यंत येणे तुम्हाला वाकडी वाट वाटेल, तरीही जाताना बोटच घ्यावी. आजीआजोबांना तासभर पाय मोकळे करून बसता येते, मुले मागे पडणारी मुंबई पाहतात आणि वडखळ-अलिबाग या अरुंद रस्त्यावरची सकाळची कोंडी टळते. सुट्टीच्या दिवसांचे आरक्षण मात्र बरेच आधी करून ठेवावे लागते.

अलिबागला थांबण्याचा मोह टाळावा, कारण तेथे पुन्हा कधीही एका दिवसात जाऊन येता येते. चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता सावकाश पार करावा. चौल हे फार जुने बंदर होते, आणि आज या सावल्यांमध्ये ते शोधावे लागते. रेवदंड्याचा पूल ओलांडताना कुंडलिकेच्या मुखाशी उजवीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. पोर्तुगीज गेल्याला अडीचशेहून अधिक वर्षे झाली, तरी कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून घडलेली एक स्वतंत्र बोली आजही घराघरांत बोलली जाते. मुलांना हे जरूर सांगा, कारण किल्ल्याचे दगड ती विसरतील, परंतु एका गावाची स्वतःची वेगळी भाषा असते हे विसरणार नाहीत.

पुढे काशीद. तेथील पांढरी वाळू सुंदर आहे, परंतु तेथे गर्दी असते आणि पाण्याला ओढ आहे. सुरूच्या सावलीत शहाळे पिऊन पुढे निघावे. नांदगाव मागे टाकून रस्ता मुरूडकडे चढू लागतो, तेव्हा एका वळणावर नवाबाचा राजवाडा आणि त्याखाली अर्धचंद्राकृती किनारा एकदम समोर येतो. अलिबाग ते मुरूड हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्याला सहज पाच तास द्यावेत. पहिला मुक्काम मुरूडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यावर जाता येते, परंतु होडीत चढणे-उतरणे आणि आतील उंचसखल पायऱ्या तुमच्या आईंना झेपणार नाहीत. त्यांच्यासोबत एकाने काठावर थांबावे. राजपुरीच्या चढावरून किल्ल्याचा संपूर्ण तट एका नजरेत मावतो, आणि सिद्दींचा हा किल्ला कोणालाच का जिंकता आला नाही, हे आत फिरण्यापेक्षा तेथूनच अधिक चांगले समजते. त्यानंतर आगरदांड्याहून जंगलजेटीने दिघी. गाडी काही वेळा मागे घेत चढवावी लागते. घाई करू नका, धक्क्यावरची माणसे हातवारे करून अचूक सांगतात. चढवल्यावर गाडी गियरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा.

दिघीहून दिवेआगर आणि दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धन हा रस्ता मुंबईपासून एका मुक्कामाच्या अंतरावरील सर्वांत देखणा रस्ता आहे, असे माझे मत आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे थेट खडकांवर फुटणाऱ्या लाटा, आणि मध्ये एखादेच कोळ्यांचे गाव. येथे वेळेला फार महत्त्व आहे. आपला समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळी सूर्य पाठीमागून, डोंगराकडून येतो आणि पाण्याचा खरा रंग दिसतो. दुपारी पाणी डोळ्यांवर चमकते, रंग हरवतो. म्हणून हा रस्ता एकतर सकाळी दहाच्या आत करावा किंवा सूर्यास्तापूर्वीच्या दीड तासात. अंधारात तो मुळीच करू नये, कारण दिवे नाहीत, वळणे आंधळी आहेत आणि गुरे रस्त्यावर बसलेली असतात. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे चालकाच्या बाजूला राहतो. आईंना चालकाच्या मागच्या आसनावर बसवा.

दुसरा मुक्काम दिवेआगरला, शक्य तर एखाद्या वाडीतल्या घरी. येथे मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतरच्या हिवाळ्यात मी या भागात गेलो होतो. ज्या गल्ल्यांमध्ये भर दुपारीही सुपारीच्या झाडांमुळे सावली असे, तेथे डोक्यावर उघडे आकाश होते आणि आडव्या पडलेल्या पोफळींचे ओंडके वाड्यांच्या कडेला रचून ठेवले होते. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर ज्यांची घरे चालत होती, त्यांनी त्या उघड्या वाड्यांमध्ये पुन्हा रोपे लावली आणि तोवर पाहुण्यांच्या जेवणावर संसार ओढला. त्यामुळे हॉटेलपेक्षा अशा घरी उतरणे मला अधिक योग्य वाटते. आदल्या दिवशी फोन करून किती माणसे जेवणार हे सांगितले, तर गरम भात, सोलकढी, वालाचे बिरडे आणि सांगाल तर उकडीचे मोदक वेळेवर मिळतात. अचानक जाऊन तासाभरात सहा ताटे मागणे त्या माऊलीवर अन्याय करणारे आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धन, पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव, आणि तेथून हरिहरेश्वर. परतीला किनारा सोडून म्हसळा, माणगाव, कोलाड, पेण असा मार्ग घ्यावा. म्हसळ्याच्या बाजूला घाट आहे, मुलांना गाडी लागत असेल तर त्याआधी जड जेवण देऊ नये. माणगाव आणि इंदापूर येथे सुट्टीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी वाहने तासन्‌तास अडकतात, तेव्हा हरिहरेश्वरहून दुपारी बारापूर्वी निघावे.

प्रश्न : हरिहरेश्वरची प्रदक्षिणा धोकादायक आहे असे ऐकले आहे. भरती-ओहोटीची वेळ आधी कशी कळेल?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : धोकादायक आहे, आणि हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. मंदिरामागच्या डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरून गेल्यावर वाट समुद्राच्या बाजूने खडकांवरून फिरते. लाटांनी कोरलेले, मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे ते कातळ पाहताना माणसाचे भान हरपते, आणि पाठीमागे पाणी केव्हा चढले हे कळत नाही. तेथे माणसे वाहून गेली आहेत. ही वाट फक्त ओहोटीचीच आहे.

वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसातून दोनदा, कारण बारा तासांहून थोड्या अधिक वेळाने भरती पुन्हा येते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास पाणी उतरलेले असेल, अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास. दररोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा माथ्यावर येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी अधिक चढते आणि अधिक उतरतेही. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा ते फारसे उतरतच नाही. ही रीत अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होऊ शकते, म्हणून तिने केवळ दिवस निवडावा आणि नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यात किंवा मोबाइलवर पाहून घ्यावी.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि पाणी वळण्यापूर्वी वर यावे. गावातल्या माणसाने किंवा मंदिरातल्या कोणी आज जाऊ नका असे म्हटले, तर तक्ता काहीही सांगो, जाऊ नये. वारा आणि दूरवरून आलेली लाट तक्त्यात नसते.

प्रश्न : आम्ही दोन मैत्रिणी दुचाकीवरून जाणार आहोत. अटल सेतू चालेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : नाही, तेथे दुचाकींना परवानगी नाही. भाऊच्या धक्क्यावरची रो-रो बोट दुचाकी घेते, तोच तुमच्यासाठी सरळ मार्ग. पेट्रोल अलिबाग किंवा मुरूडला भरून घ्यावे. दिघीच्या पलीकडे पंप विरळ आहेत. थोडी रोख रक्कमही जवळ असू द्यावी, कारण काही गावांत मोबाइलला रेंज नसते.

प्रश्न : पावसाळ्यात हाच प्रवास करावा का? आणि मार्चमध्ये गेलो तर कासवे दिसतील का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : पावसाळ्यात हिरवाई मन भरून टाकते, परंतु किनाऱ्याच्या प्रवासाचा अर्धा आनंद पाण्याशी जवळीक करण्यात आहे आणि त्या दिवसांत पाणी जवळ येऊ देत नाही. जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, रो-रो हवामानानुसार रद्द होते, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असल्याने ताजी सुरमई मिळेल ही आशा धरू नये. मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाताळ ते नववर्ष हा आठवडा तेवढा वगळावा.

मार्चमध्ये जाणार असाल तर वरच्या मार्गात एक खाडी वाढवा. हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून जंगलजेटीने वेसवीला उतरले की बाणकोटमार्गे वेळास गाठता येते. तेथे २००२ पासून ग्रामस्थ आणि निसर्गप्रेमी मिळून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतात. अंडी सुरक्षित कुंपणात ठेवतात, आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर आली की सकाळी व संध्याकाळी त्यांना वाळूवर सोडतात. पिल्ले निघतीलच याची हमी कोणी देत नाही, म्हणून एक रात्र तेथे राहावे. तशी दोन वेळा संधी मिळते. मोबाइलचा दिवा लावू नये, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात.

याच संदर्भात एक कळकळीची विनंती आहे. या पट्ट्यात कोणत्याही किनाऱ्यावर गाडी वाळूत उतरवू नका. ओल्या वाळूत चाके रुततात, भरती चढू लागते, आणि मग गावातली माणसे आपली कामे टाकून दोर आणि ट्रॅक्टर घेऊन धावतात, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि ज्या वाळूवर गाड्या फिरतात, त्याच वाळूखाली कुणी न पाहिलेले एखादे घरटे असू शकते.