रेझरने काखेतले केस काढल्यावर आग होते आणि काख काळी पडत चालली आहे. लिंबू-सोडा लावू का?

लिंबू-सोडा अजिबात लावू नका, ताई. रेझर फिरवला की त्वचेचा वरचा थर थोडा खरवडला जातोच. त्यावर लिंबाचं आम्ल किंवा खायचा सोडा गेला की झोंबतं, आणि दरवेळी अशी आग झाली की आपली गव्हाळ-सावळी कातडी आणखी रंग धरते. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे, म्हणून वजरी, लूफा, स्क्रब सगळं बंद करा.

आरशासमोर हात डोक्यामागे घेऊन कातडी ताणून बघा. बारीक काळे ठिपके दिसले तर ती आतल्या केसांची मुळं आहेत, कुठल्याही क्रीमने जाणार नाहीत. केस कुठे वर, कुठे खाली वाढलेले असतात, तेही तेव्हाच दिसतं. वाढीच्या दिशेनेच, न दाबता रेझर फिरवायचा.

मी रात्री, अंघोळ संपता संपता शेव्ह करते. कोमट पाण्याने केस मऊ झालेले असतात. फेस हवाच, कोरड्यावर कधीही नाही. मग गार पाणी, टॉवेलने नुसतं टिपणं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. डिओ थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. न्हावी दाढीनंतर तुरटी फिरवतात खरे, पण मला तरी काखेत ती सोसत नाही. पातं 5 ते 7 वेळा वापरलं की बदला, आणि रेझर बाथरूममध्ये ओला पडू देऊ नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. नवऱ्याचा रेझर उचलायचा नाही, आपला द्यायचा नाही.

मेडिकलमधून विचारून आणलेल्या ट्यूबची मला फार काळजी वाटते. खाजेच्या आणि गोरेपणाच्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. काखेची कातडी नाजूक, त्यात घडीत झाकलेली, त्यामुळे ते जास्त शोषलं जातं. कातडी पातळ होते, कायमचे व्रण उमटतात.

मानही काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर दोष रेझरचा नसावा. साखर तपासून घ्या, पाळी अनियमित असेल तर पीसीओएसचंही, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाचंही, विचारा. काखमांजरी पुन्हा पुन्हा येत असेल, पू होत असेल, तर रेझर बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि न दुखणारी गाठ लागली, तरी ती दुखायची वाट बघू नका.