बुकिंगचे साडेसहा लाख बिल्डर ठेवून घेऊ शकतो का?

प्रश्न : पुण्यात बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात आम्ही पती-पत्नींनी फ्लॅट बुक केला. 'ऑल इन' 68 लाख. प्रदर्शनात 51,000 टोकन दिलं, पंधरा दिवसांनी 6 लाखांचा चेक. नंतर बँकेनं कर्ज अपेक्षेपेक्षा 9 लाखांनी कमी मंजूर केलं, म्हणून माघार घेतोय. बुकिंगला अडीच महिने झालेत. ॲग्रीमेंट झालेलं नाही, अलॉटमेंट लेटरही (फ्लॅट आमच्या नावे दिल्याचं बिल्डरचं पत्र) मिळालं नाही. बिल्डरचं ऑफिस म्हणतं, बुकिंग फॉर्मप्रमाणे 10 टक्के जप्त, म्हणजे 6,80,000. उलट तुम्हीच 29,000 देणं लागता, पण तेवढे आम्ही सोडतो. बुकिंग रद्द करण्याचा छापील अर्ज सहीसाठी पाठवलाय. सही करावी का?

उत्तर : नाही. आणि ते 29,000 सोडल्याबद्दल आभारही मानू नका.

तुम्ही जोडलेल्या कागदांत बुकिंग फॉर्मपेक्षा मला कॉस्ट शीट महत्त्वाची वाटली. तिच्यात करारमूल्य 60,00,000 आहे. बाकीचे 8 लाख म्हणजे जीएसटी 3,00,000, मुद्रांक शुल्क 4,20,000, नोंदणी फी 30,000 आणि किरकोळ 50,000. बिल्डरनं 10 टक्के काढलेत ते 68 लाखांवर. म्हणजे जे मुद्रांक शुल्क तुम्ही अजून भरलेलं नाही आणि जे भरलं असतं तरी सरकारच्या तिजोरीत गेलं असतं, त्याचेही 10 टक्के ते स्वतःकडे ठेवायला निघालेत. ही चलाखी मी बऱ्याचदा पाहिली आहे. फोनवर ती कळत नाही, कागद मांडून बसलं की लगेच दिसते.

याच शीटमधून दुसरी गोष्टही निघते. रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या (2016) कलम 13 नुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला फ्लॅटच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्राच्या पूर्वीच्या मोफा या फ्लॅटविक्रीच्या कायद्यात ही मर्यादा 20 टक्के होती. जुनी सवय काही कार्यालयांत अजून टिकून आहे. तुमच्या बाबतीत 60 लाखांचे 10 टक्के म्हणजे 6 लाख. चेक बरोब्बर तेवढ्याचाच मागितला, म्हणजे मर्यादा त्यांना ठाऊक होती. प्रदर्शनातलं टोकन मात्र हिशेबात धरायचं राहून गेलं. तुम्ही दिलेल्या एकूण 6,51,000 पैकी 31,000 जीएसटीचे, असं ते म्हणतील. तुमच्या पावतीवरही तशी फोड आहे. तरी मूळ रक्कम 6,20,000 उरते, म्हणजे 20,000 जास्तच. आकडा लहान आहे, पण कलम 13 चा भंग झाल्यास कलम 61 खाली प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटिशीत हा मुद्दा आला की बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. पूर्ण रक्कम व्याजासह परत मिळते ती कलम 18 खाली, बिल्डरनं ताबा वेळेत दिला नाही तर. किंवा कलम 12 खाली, जाहिरातीत खोटं सांगून फसवलं असेल तर. तुमचं कर्ज कमी मंजूर झालं, यात बिल्डरचा दोष नाही. 'आमची फसवणूक झाली' अशी तक्रार कराल तर ती टिकणार नाही, आणि तिच्यापायी चांगले मुद्देही झाकले जातील.

तुमचा खरा आधार आहे महारेरानं (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणानं) 2022 मध्ये आणलेला अलॉटमेंट लेटरचा नमुना. त्यानुसार पत्र दिल्यापासून 15 दिवसांत रद्द केलं तर कपात शून्य, 30 दिवसांपर्यंत किमतीच्या 1 टक्का, 60 पर्यंत दीड, आणि त्यापुढे 2 टक्के. उरलेली रक्कम 45 दिवसांत परत करायची. उशीर झाला तर स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदरावर 2 टक्के जास्त धरून व्याज द्यायचं. अडीच महिने झालेत म्हणून बिल्डर फार तर 2 टक्के, म्हणजे 1,20,000 म्हणेल. त्यावर तुम्ही विचारायचं : पत्रच दिलं नाही, तर दिवस कुठून मोजायचे? हा युक्तिवाद सरळ आहे आणि मला तो पटतो. तरी समेटात थोडी कपात सोसायची तयारी ठेवा. या प्रकल्पासाठी बिल्डरनं महारेराच्या संकेतस्थळावर चढवलेला अलॉटमेंट लेटरचा मसुदा आजच उतरवून घ्या. त्यात नमुन्यापेक्षा वेगळं काही असेल तर तेही कळेल.

बिल्डरचा वकील बहुधा सर्वोच्च न्यायालयाचा 2025 चा निकाल दाखवेल. त्यात 20 टक्के जप्तीचं एकतर्फी कलम न्यायालयानं मानलं नाही, पण 10 टक्के कपात कायम ठेवली. मात्र तिथं खरेदीदारांनी पूर्ण करारनामा केला होता, आणि ते 10 टक्के मूळ किमतीवर होते, 'ऑल इन'वर नव्हे. तुमच्याकडे फक्त एक फॉर्म आहे. त्यातलं चौदावं कलम इतक्या बारीक टाइपात आहे की ते वाचायला मला चष्मा बदलावा लागला. करार कायद्याच्या (1872) कलम 74 प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते. फ्लॅट अजून बिल्डरकडेच आहे. तो पुढच्या महिन्यात दुसऱ्याला विकला, तर नुकसान कसलं?

त्या छापील अर्जातली शेवटून दुसरी ओळ वाचा : 'यापुढे माझी कोणतीही मागणी राहिलेली नाही.' त्यांना सही हवी आहे ती या ओळीखाली. तिच्याऐवजी स्वतःचं एक पानाचं पत्र लिहा. बुकिंगची तारीख, दोन्ही रकमा, ॲग्रीमेंट व अलॉटमेंट लेटर न मिळाल्याचा उल्लेख, कर्ज कमी झाल्याचं बँकेचं पत्र, आणि 45 दिवसांत रक्कम परत करण्याची मागणी, एवढंच त्यात असू दे. रागाचं वाक्य नको. ते पोचपावतीच्या स्पीड पोस्टनं आणि ईमेलनंही पाठवा. फोनवर जे बोलणं होईल, ते त्याच संध्याकाळी 'आपण आज असं म्हणालात' म्हणून मेलवर टाका. मूळ पावत्या कुणी 'जमा करा' म्हणालं, तरी रक्कम खात्यात येईपर्यंत देऊ नका, झेरॉक्स द्या.

45 दिवसांत काही हललं नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी 5,000 रुपये आहे आणि वकील लावायलाच हवा असं नाही. त्याआधी महारेराच्या सलोखा मंचाचा विचार करा. दीड-दोन टक्क्यांचा वाद असेल तर तिथं तो लवकर मिटतो. मात्र बिल्डरची 10 टक्क्यांवर अडून बसण्याची लक्षणं दिसली, तर थेट तक्रारच करा.